श्रद्धा आणि सेवेतून खरंच आनंद मिळतो का?

मिळतो. मला तरी तो भांडी घासताना मिळाला. वडील गेले त्या वर्षी मन कशातच रमेना. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी पारायणाचा सप्ताह होता, आईने बळेच पाठवलं. पोथीत लक्ष लागेना, म्हणून मागे महाप्रसादाची भांडी घासायला बसलो. शेजारी एक कन्नड बोलणारी आजी. तिची भाषा मला अर्धीच कळायची, पण तिने काही न विचारता माझ्या पुढ्यातली काळी कढई ओढून घेतली. त्या रात्री कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनाआधी गाव का झाडायचे, ते राखेने माखलेल्या हातांनीच मला समजलं. आता दर सप्ताहाला ती कढई मी घासतो.