स्पॅनिश चालेल, माओरी नको?

ऑकलंडहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी इयर टेनला आहे. पुढच्या वर्षी एनसीईए (न्यूझीलंडची शालेय परीक्षा) लेव्हल वनला तिला माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा, आणि स्पॅनिश दोन्ही घ्यायचेत. बाबांचं म्हणणं, 'स्पॅनिश एक वेळ ठीक, पण माओरी शिकून कुणाचं पोट भरलंय? त्यापेक्षा अकाउंटिंग घे.' आईला स्पॅनिशमध्ये 'स्कोप' दिसतो, माओरी मात्र 'माओरींपुरती' वाटते, आणि या दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, असंही तिने लिहिलंय. या दोन्ही भाषा घेतल्या तर मेडिकलचं दार बंद होईल का, असं तिने विचारलंय.

ताई, नमस्कार.

नाही होणार. युनिव्हर्सिटी एन्ट्रन्सला लेव्हल थ्रीच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या, तीन मान्य विषयांत प्रत्येकी 14 क्रेडिट लागतात, आणि त्या यादीत या दोन्ही भाषा आहेत. मेडिकल डोक्यात असेल तर केमिस्ट्री-बायोलॉजी सोडू नये, एवढंच. एनसीईए बदलण्याचा प्रस्ताव सरकारने 2025मध्ये मांडलाय, त्याचं काय होतंय ते शाळेत विचारत राहा.

मला खटकली ती पत्राच्या शेवटची ओळ. 'इतकी वर्षं रविवारच्या मराठी शाळेत नेलं, तिथे तोंड उघडत नाही, आणि आता म्हणे माओरी!' खरं दुखणं हे आहे, ताई. मग राग अकाउंटिंगच्या नावाने का काढता? पत्रात बाबांचं मत आहे, तुमचं आहे, पुण्याच्या मामांचंही आहे (त्यांचा इथे काय संबंध, देव जाणे). जिला वर्गात बसायचंय तिचं एक वाक्यही नाही. तिला माओरी का हवी, हे तुम्ही विचारलंत तरी का?

'माओरी माओरींपुरती' हा समज तर आधी सोडा. 1987पासून ती न्यूझीलंडची अधिकृत भाषा आहे. तिथे नर्सिंग शिकणाऱ्यांना, शिक्षक होणाऱ्यांना माओरी संस्कृतीची जाण ठेवावीच लागते, आणि मेडिकल कौन्सिलही डॉक्टरांकडून तीच अपेक्षा करते. तुम्हाला मुलीला डॉक्टर करायचंय ना? पूर्वी तिथल्या शाळांत माओरी बोलणाऱ्या मुलांना छड्या बसत. आईबापांनीच मग मुलांशी इंग्रजी बोलायला सुरुवात केली आणि भाषा घरातून जाऊ लागली. 1972मध्ये ती शाळेत शिकवावी म्हणून तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत गेला. 1982मध्ये कोहांगा रेओ निघाल्या, म्हणजे लहानग्यांना आज्या-आजोबांच्या तोंडून माओरी ऐकवणाऱ्या बालवाड्या. मुलगी मराठी बोलत नाही म्हणून हळहळणाऱ्या आईला ही तळमळ मी समजावून सांगायची?

शिवाय मराठी घरातली मुलगी तिथे थोडी पुढेच असेल. माओरीत 'तातोउ' म्हणजे समोरच्याला धरून आपण, 'मातोउ' म्हणजे त्याला वगळून आम्ही. इंग्रजीत दोन्हीला 'वी'च. वर्गातल्या बाकीच्यांना हे घोकावं लागतं, तिच्या कानावर ते लहानपणापासून आहे. हे तिला जरूर सांगा, पण 'बघ, मराठीचा उपयोग झाला की नाही' असं ऐकवू नका.

स्पॅनिशकडून मात्र तुमच्या अपेक्षा फार आहेत. वीसेक देशांत चालते म्हणून शाळेतल्या तीन वर्षांवर कुणी नोकरी देत नाही; त्यासाठी पुढे डीईएलईसारखी स्पॅनिशची आंतरराष्ट्रीय परीक्षा देऊन निदान बी-टू, म्हणजे सफाईने बोलता येण्याची, पातळी गाठावी लागते. आवडत असेल तर घेऊ दे, 'स्कोप' म्हणून नको. आणि या दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हेही खरं नव्हे. चिलीच्या रापा नुई बेटावर, म्हणजे ईस्टर आयलंडवर, माओरीच्या नात्यातली एक भाषा आणि स्पॅनिश एकाच घरात बोलल्या जातात.

अडचण आलीच तर वेळापत्रकाची येईल. दोन्ही विषय एकाच ऑप्शन लाइनमध्ये, म्हणजे एकाच तासाला, असले तर एकच घेता येतो. मुलं कमी पडली तर स्पॅनिशचा वर्ग निघतही नाही. फॉर्म भरण्याआधी डीनना, म्हणजे तिच्या इयत्तेच्या प्रमुख शिक्षकांना, भेटा. वर्ग नसेल तर 'ते कुरा' या सरकारी दूरशिक्षण शाळेतून शिकता येईल का, तेही विचारा. भेटीला मुलीला सोबत न्या, बोलू तिलाच द्या. त्या दिवशी गाडीत मराठी शाळेचा विषय काढू नका.