कोल्हापुरात होळी पर्यावरणपूरक कशी करता येईल?

होळी लहान करा आणि वाचलेल्या शेणी (गोवऱ्या) पंचगंगा स्मशानभूमीला द्या. आपल्याकडं महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि दहनाला शेणी लागतात. पावसाळ्यात वाळक्या शेणी मिळणं अवघड, म्हणून फाल्गुनातलं हे दान मला फार मोलाचं वाटतं. आमच्या गल्लीत पाचच शेणी रचतो, मधे एरंडाची फांदी. बाकीच्या शेणी पोत्यात भरून टेम्पोनं पोचवतो. फक्त ओलसर शेणी देऊ नका, त्यांना बुरशी धरते. नैवेद्याचा घास तेवढा आगीत, पोळ्या गरजूंना.

रंगपंचमीसाठी पळसाची फुलं पाण्यात उकळून रात्रभर ठेवा. सुरेख केशरी रंग उतरतो. खेळून झाल्यावर रंकाळा तलावात मात्र उतरू नका, अंघोळ घरीच करा.