आल्याचं तेल तिखट का लागत नाही?

तुम्ही विचारलंय की नव्या बाटलीतलं आल्याचं इसेन्शियल ऑइल जिभेला टेकवलं तर तिखट लागलं नाही, म्हणजे भेसळ आहे का; सासूबाईंच्या गुडघ्यांना चालेल का; आणि पोटावर चोळून चरबी उतरते का.

आधी एक, परत जिभेला टेकवू नका. नेमकं तिखट नाही म्हणून भेसळ ठरत नाही. हे तेल बहुतेक सुंठीची भरड वाफवून काढतात. वाफेबरोबर जे उडतं तेवढंच बाटलीत येतं, म्हणजे झिंजिबेरीन आणि त्याचे भाईबंद. तो सगळा वासाचा कारभार. तिखटपणा जिंजेरॉलचा. आलं वाळताना त्यातल्या काहीचं शोगाओल होतं, ते आणखी जहाल, म्हणून सुंठ घशाला जास्त लागते. ही मंडळी उडत नाहीत, चोथ्यातच राहतात. वास आणि तिखट दोन्ही लागतं तेव्हा कारखानेवाले द्रावकात काढलेला दाट तपकिरी अर्क घेतात, ओलिओरेझिन. कोचीकडे हा धंदा मोठा आहे.

भेसळीचा संशय भावावरून घ्या. किलोभर सुंठीतून साधारण 15 ते 30 मिली तेल निघतं आणि तेवढ्या सुंठीला पाचेक किलो ओलं आलं लागतं. म्हणजे 10 मिलीच्या बाटलीमागे दोन-तीन किलो आलं. आता मंडईचा भाव धरा, वर इंधन, बाटली, दुकानदार. शंभर रुपयांत मिळत असेल तर काय मिळतंय ते कळेल. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून दोन दिवस ठेवा. वडे काढून ठेवल्यासारखा तेलकट डाग तसाच राहिला तर साधं तेल मिसळलंय. वासाचं रसायन मिसळलं असेल तर मात्र कागद काही सांगणार नाही.

गुडघ्याला चालेल, पण नुसतं नको. 10 मिली तिळाच्या तेलात चार थेंब पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. आराम पडतो, मात्र त्यात तेलाचा वाटा किती आणि चोळणाऱ्या हाताचा किती, हे मला तरी सांगता येणार नाही! आग झालीच तर आधी साध्या तेलाने पुसा, मग साबणाने धुवा. तान्ह्या बाळाला लावू नका.

पोटाची चरबी? नाही. जाहिरातवाले सुंठीचे गुण या बाटलीला चिकटवतात.

खरं तर सासूबाईंना ऊबच हवी असेल तर आपली तैलपाकाची जुनी रीत बरी. आलं सालीसकट किसा, कारण वासाचं तेल सालीलगतच जास्त असतं. तिळाच्या तेलात मंद आचेवर ठेवा. चर्र आवाज पूर्ण थांबला की पाणी उडालं. त्याआधी उतरवलंत तर तेल खवट होतं, बुरशीही धरते. वास थोडा उडेल, पण तिखट तेलात उतरेल. गाळून काचेच्या बाटलीत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवा.