पेडल सैल होतंय, छत्तीस इंची मागवू का, आणि खडकवासल्याचा रस्ता

तुमची पोस्ट वाचली. वीस इंची चाकाची युनिसायकल (एकचाकी सायकल) सोसायटीच्या आवारात जमायला लागली, पंक्चर काढून आणल्यापासून डावं पेडल सारखं सैल होतंय, दुकानदार म्हणतो पेडलच डिफेक्टिव्ह आहे. म्हणून आता परदेशातून थेट छत्तीस इंची मागवायची आणि पुण्याजवळच्या खडकवासला धरणापर्यंत जायचं, असं तुमच्या मनात आहे. हे सगळं, जवळपास याच क्रमाने, माझ्या वाट्याला येऊन गेलंय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. चढणं, उतरणं, वजन सीटवर टाकणं हे तुम्हाला येतंय असं धरून चालते.

आधी पेडल. ते दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका. पेडलमध्ये खोट नाही, बहुतेक चाक उलटं बसलंय. साध्या सायकलला चेन असते, म्हणून मागचं चाक कुठल्या बाजूने घालायचं हा प्रश्नच येत नाही. युनिसायकलला चेन नाही, फ्रीव्हील नाही, चाक दोन्हीकडून सारखंच दिसतं. पंक्चरवाला चाक काढतो, ठिगळ लावतो आणि हाताला येईल तसं परत बसवतो. पण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि ते कारणासाठीच तसे असतात. पाय मारताना पेडलच्या दांड्यावरचा भार गोल फिरत राहतो आणि दांड्याला किंचित किंचित वळवत राहतो. आटे योग्य बाजूला असतील तर त्या वळण्याने पेडल घट्टच राहतं. डावा क्रँक (पेडल ज्यात आवळतात ती पट्टी) उजवीकडे गेला की तोच भार पेडल बाहेर काढतो. मग कितीही आवळा, थोडं अंतर गेलं की पुन्हा सैल.

तपासायला पाच मिनिटं लागतात. सीटचा हँडल असलेला भाग पुढे धरून गाडी उभी करा आणि क्रँकच्या टोकाला किंवा पेडलच्या दांड्यावर कोरलेलं ‘एल’ आणि ‘आर’ शोधा. ‘एल’ डाव्या पायाखालीच हवा. उजवीकडे असेल तर बेअरिंगच्या कॅप (फ्रेमच्या टोकांना चाक धरून ठेवणारी झाकणं) काढून चाक फिरवून घाला. फ्रेम पुढून-मागून सारखीच असेल तर नुसती सीट उलटी फिरवली तरी काम होतं. कॅप परत लावताना बोल्ट हातघाईने पिळू नका, चाक मोकळं फिरलं पाहिजे. आणि पेडल आवळायची दिशा विसरायला होत असेल तर एवढंच लक्षात ठेवा की पाना वर उभा धरून पुढच्या बाजूला ओढला की दोन्ही पेडलं आवळतात.

माझ्या वेळी दुकानाने पान्याला पाईप लावून आवळून दिलं होतं, तेही दोनदा. शेवटी पेडल निघून हातात आलं तेव्हा त्याच्या आट्यांत चांदीच्या वर्खासारखा ॲल्युमिनियमचा कीस गुंडाळलेला होता. पेडलचा दांडा पोलादी, क्रँक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे मरतात ते क्रँकचे आटे. तुमचे अजून शाबूत असतील तर तुम्ही वाचलात. गेले असतील तर बुश (आत बसवायची आट्यांची नळी) बसवून मिळतो, पण ९/१६ इंचाचा, डाव्या आट्यांचा टॅप (आटे पाडायचं अवजार) असलेला माणूस शोधावा लागतो. भोसरी-चिंचवडकडे लेथवाल्यांना विचारून बघा.

मला तेव्हा असा माणूस सापडला नाही, म्हणून मी अख्खी नवी गाडी परदेशातून मागवली. इथून पुढचं नीट वाचा, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे इथे गेले. विक्रेत्याने बिलावर वर्णन लिहिलं होतं ‘टॉय युनिसायकल’. पार्सल सोडवणाऱ्या एका कार्यालयाने (कुठल्या, ते लिहीत नाही) तो एक शब्द धरला आणि माल खेळणी म्हणून कस्टमच्या टॅरिफमधल्या (दरपत्रकातल्या) ९५०३ या हेडिंगखाली टाकला. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तेव्हा मार्क दाखवा नाहीतर माल सुटणार नाही, असं उत्तर आलं. परदेशी युनिसायकलवर आयएसआय मार्क कुठून आणायचा?

माझं म्हणणं साधं होतं. टॅरिफमध्ये ८७१२ हे हेडिंग बायसिकल आणि इतर विनामोटर सायकलींचं आहे आणि एकचाकी त्या ‘इतर’मध्ये येते. खेळण्यांच्या मार्क-सक्तीच्या आदेशातली खेळणी म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी केलेल्या वस्तू. माझ्या गाडीचं चाक एकोणतीस इंची, सीट मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत येणारी. हे मी फोटोसकट लिहून पाठवलं. मेलला उत्तर आलं की काउंटरवर या. काउंटरवर सांगितलं की आम्ही मालकाशी बोलत नाही, कस्टम एजंटकडून यायला हवं. एजंट म्हणाला, कार्यालयाने लेखी विचारल्याशिवाय मी काय उत्तर देऊ? तिथल्या एकाही माणसाने खोका उघडून चाक बघितलं नाही. गोदामाचं भाडं मात्र रोज चढत होतं. शेवटी ते भाडं परवडेना म्हणून पार्सल परत पाठवलं. जाण्या-येण्याचं भाडं वजा होऊन जे हातात आलं त्यात साधी सायकलही आली नसती. मला आजही याचा राग येतो, कारण नियम माझ्या बाजूने होता आणि तो वाचायची तसदी कुणी घेतली नाही.

दुसऱ्या वेळी पार्सल सुरळीत आलं, कारण कागद आधीच नीट करून घेतले होते. विक्रेत्याला ऑर्डरपूर्वी मेल करा की बिलावर ‘टॉय’ किंवा ‘सर्कस’ हे शब्द नकोत, प्रौढांसाठीची पेडलवर चालणारी एकचाकी सायकल असं लिहा, चाकाचा व्यास लिहा, हेडिंग ८७१२ लिहा. नुसते क्रँक किंवा हब (चाकाचा मधला भाग) असतील तर ८७१४, ते सुट्या भागांचं. किंमत खरीच लिहायला सांगा, तिथे चलाखी नको. ड्युटीतला फरकही लहान नाही. खेळण्यांवरची २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, तर सायकलींवरची २०२३ मध्ये ३० वरून ३५. त्यानंतरचे दर ऑर्डरच्या दिवशी तपासून घ्या, बजेटगणिक बदलतात. मी एजंट नाही, वकीलही नाही. हा माझ्यापुरता अनुभव आहे, तुमचं पार्सल दुसऱ्या टेबलावर गेलं तर वेगळं काही घडू शकतं.

आता छत्तीस इंची. माझं मत विचाराल तर घेऊ नका, निदान आत्ता नको. तुमचं वीस इंची चाक एका फेऱ्यात साधारण १.६ मीटर जातं. स्वारगेटपासून धरण पंधरा-सोळा किलोमीटर धरलं तर एका दिशेचे जवळपास १०,००० फेरे, आणि त्यात पाय थांबवून आराम करायची सोय नाही. त्यामुळे मोठं चाक हवं हे तुमचं बरोबर आहे. मिनिटाला नव्वद फेऱ्यांनी वीस इंचीवर तासाला साडेआठ किलोमीटर होतात, एकोणतीसवर साडेबारा, छत्तीसवर साडेपंधरा. पण छत्तीसचा टायर किंवा ट्यूब पुण्यात मागून बघा, नवीन पार्सलच मागवावं लागेल. सव्वीस आणि एकोणतीसचे टायर एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतात. शिवाय छत्तीसचं जड चाक अचानक थांबवणं गुडघ्यांना भारी पडतं, आणि आपल्याकडे दर गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर. एकोणतीस घ्या, दोन भोकांचे क्रँक घ्या: टेकडीला १५० मिलिमीटरचं भोक, रस्त्याला आखूड भोक. लांब क्रँकने ताबा मिळतो, आखूड क्रँकने वेग. पिंडऱ्यांना गार्ड लावाच, पेडलच्या खिळ्यांनी सोललेली पिंडरी लवकर भरत नाही. मनगटाचे गार्डही हवेतच.

रस्त्याचं म्हणाल तर सिंहगड रोडने जाऊ नका. तिथे बस आणि रिक्षा कडेला घेताना तुमच्यासारख्या हळू माणसाचा अंदाज कुणालाच येत नाही, आणि तुम्हाला पटकन बाजूला सरकताही येत नाही. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूने उजाडता उजाडता निघा, आणि शनिवार-रविवार टाळा, कारण धरणाच्या चौपाटीवर कणसं-भजीवाल्यांभोवती लावलेल्या गाड्यांतून वाट काढणं एका चाकावर फार त्रासाचं आहे. लायसन वगैरे काही लागत नाही, मोटर नाही ना.

त्याआधी काही आठवडे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर घाला असं मी आग्रहाने सांगेन. खडबडीत जमिनीवर जो तोल येतो तो डांबरावर कधीच येत नाही. माथ्यावरच्या सपाट वाटा आधी करा. उतारावरचा सुटा मुरूम सगळ्यात वाईट, तिथे पायांनी मागे दाब देत, सीटचं हँडल धरून, अगदी हळू. पावसाळ्यात बेसाल्टवर शेवाळ धरतं, तेव्हा तो उतार पायीच उतरा. सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांना लांबूनच आवाज द्या आणि वाट त्यांना आधी द्या; टेकडीवर आपल्याला कुणी हटकू नये असं वाटत असेल तर हे पाळावं लागतं. कुत्री मागे लागली तर पळवायचा प्रयत्न करू नका, त्यांच्यापुढे आपण निघत नाही. उतरा, चाक स्वतःच्या आणि त्यांच्या मध्ये धरा आणि चालत पुढे जा, बहुतेक वेळा ती तिथेच थांबतात.

क्रँक पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) नसेल तर विकत घेऊ नका, माझ्याकडे आहे. कोथरूड किंवा कर्वेनगर भागात असाल तर निरोप टाका, चाक मिळूनच फिरवून घेऊ.