ग्रामीण समाजशास्त्र शिकायला गावात राहावंच लागतं का?

तुम्ही विचारलंय की शहरात वाढलेल्या माणसाने ग्रामीण समाजशास्त्रात एम.ए. करावं का, त्यासाठी गावात राहावं लागतं का, आणि पुढे नोकरीचं काय. करा. गावात राहावं लागतंच, पण तिथे कुणाकडे उठता-बसता यावर सगळं ठरतं. याच मुद्द्यावर माझं आणि माझ्या काकांचं जुनं भांडण आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

आम्ही इंदूरचे, होळकरांच्या काळात इकडे आलेलं घराणं. सांवेरकडे थोडी जमीन आहे, ती काका बघतात. म्हणजे अधूनमधून स्कूटरवर जाऊन पटेलांच्या, म्हणजे गावच्या मुख्याच्या, ओटल्यावर चहा पिऊन येतात. प्रबंधासाठी मी तेच गाव घेतलं तेव्हा म्हणाले, "अगं, मला विचार ना, जन्म गेला ते गाव बघण्यात."

पटेलांनी यादी सांगितली: कुणाचे किती बिघे, कुणाकडे ट्रॅक्टर, कुणाचा बोअर. पटवाऱ्याच्या खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, तीच नावं. मग मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, बलाई या दलित जातीच्या मोहल्ल्यात जाऊन बसायला लागले. तिथे कळलं की यादीतल्या बऱ्याच जमिनी कसणारी माणसं वेगळीच आहेत. बिघ्यामागे ठरलेली रोख रक्कम पेरणीआधीच मालकाला द्यायची आणि जमीन मुनाफ्याने घ्यायची. मग बियाणं, फवारणी, पाऊस, मंडीतला भाव, सगळं घेणाऱ्याच्या डोक्यावर. करार तोंडी.

त्यातलं एक शेत आमचंच होतं. ते कसणाऱ्या बाई माझं आडनाव ऐकताच बोलायच्या थांबल्या. पुढे बऱ्याच दिवसांनी, लसूण निवडता निवडता, आपणहून सांगू लागल्या. सोयाबीन पिवळ्या मोझॅक रोगाने गेलं होतं. पटवारी सर्वे करून गेला, आणि मदत जमा झाली काकांच्या खात्यात, कारण कागदोपत्री भूमिस्वामी तेच. मुनाफा आगाऊ घेतलेला, वर भरपाईही त्यांनाच. बाईंच्या वाट्याला फक्त बियाण्याची उधारी. मी घरी येऊन विचारलं. काका म्हणाले, "सरकारने दिले, मी मागायला गेलो नव्हतो. तू पुस्तकं वाच, शेतीतलं तुला काय कळतं?" पैसे बाईंकडे गेलेच नाहीत. दिवाळीला आम्ही एका पंगतीत जेवतो, पण हा विषय निघाला की आई लगबगीने वाढायला उठते.

काका खोटं बोलत नाहीत. गाव आपल्याला माहीत आहे असं त्यांना मनापासून वाटतं. पण ओटल्यावरून दिसतं ते ओटल्यावर बसणाऱ्यांचं गाव. बडोद्याच्या विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा करणारे एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले, तेही गावच्या मुख्याच्या जागेत. त्यामुळे दलित वस्तीशी आपला संबंध कमी आला, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. हा प्रामाणिकपणा मला त्यांच्या सिद्धान्तांइतकाच मोठा वाटतो.

पुस्तकं तर वाचायलाच हवीत. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ एड्रियन मेयर १९५४ मध्ये देवास जिल्ह्यातल्या एका गावात आले आणि त्याला 'रामखेडी' असं बदललेलं नाव देऊन त्यांनी १९६० मध्ये पुस्तक काढलं. कोण कुणाच्या हातचं खातं, कोण कुणाबरोबर चिलीम ओढतं हे टिपून त्यांनी जातींची उतरंड मांडली, आणि सोयरिकी गावाबाहेर पसरतात म्हणून आजूबाजूचा टापूही धरला. माळव्यात काम करायचं तर हे टाळता येत नाही. पण तेव्हा इथे सोयाबीन नव्हतं. काळ्या मातीतली कितीतरी रानं पावसाळाभर पडीक असायची आणि रब्बीत गहू-हरभरा व्हायचा. १९७० नंतर सोयाबीन पसरलं, पावसाळ्यातही पीक निघू लागलं. आज मी चिलमीच्या आधी जमीन कोण कुणाला कशावर देतो ते विचारते. आणि सरकारी याद्यांवर एकट्यावर विसंबू नका. पीएम-किसान या केंद्राच्या योजनेचे वर्षाला ६,००० रुपये जमीन नावावर असणाऱ्याला मिळतात. त्या यादीवरून मोजाल तर आमचे काका शेतकरी, आणि त्या बाई कुठेच नाहीत.

सगळे मालक असे नसतात, हेही सांगायला हवं. आलेली मदत कसणाऱ्याला देणारे, पीक गेलं तर पुढच्या सालचा मुनाफा कमी करणारे मला त्याच गावात भेटले. आणि मुनाफ्याने घेणारा दर वेळी गरीबच असतो असंही नाही. ट्रॅक्टरवाले मोठे शेतकरी लहानांची जमीन घेतात.

नोकरीचं म्हणाल तर प्राध्यापकीसाठी नेट या पात्रता परीक्षेची तयारी आत्तापासून करा. सर्वेक्षणाची आणि संस्थांमधली कामं मिळतात, पगार बेताचा. गावात खोली घ्याल ती पटेलांकडे नको. आणि घरची जमीन कुठे असेल तर पहिली मुलाखत घरातल्या मोठ्यांचीच घ्या. ती कसतं कोण आणि मागच्या नुकसानीचे पैसे कुणाच्या खात्यात आले, एवढं विचारा. नुसत्या तोंडी उत्तरावर थांबू नका, पासबुक मागा.