परिषद भरवावी, पण कशी?

प्रश्न : आम्ही काही मित्र बेळगावात एकदिवसीय तंत्रज्ञान परिषद भरवू इच्छितो. नामांकित वक्त्यांशिवाय ती सार्थकी लागेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : निश्चितच लागेल. २००५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे भरलेल्या पहिल्या बारकॅम्पमध्ये (म्हणजे उपस्थितांनीच चालवायच्या खुल्या तंत्रज्ञान परिषदेत) आधीपासून ठरलेले वक्ते नव्हतेच. उपस्थितांनीच विषय मांडले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीचालकाने भट्टीच्या तापमानाची नोंद संगणकावर घेताना आलेल्या अडचणी सांगितल्या, तर बेंगळुरूच्या पाहुण्याच्या चकचकीत स्लाइड्सपेक्षा त्या अडचणीच विद्यार्थ्यांना अधिक शिकवून जातील. दोन सत्रांमध्ये अर्ध्या तासाची मोकळीक अवश्य ठेवावी, कारण खऱ्या ओळखी चहाच्या टेबलापाशीच होतात. दीपप्रज्वलन आणि सत्कार (हा आपला जुनाच रोग) दहा मिनिटांत आटोपावेत. मराठी, कन्नड, इंग्रजी यांपैकी ज्याला जी भाषा जमेल, तीत त्याने बोलावे.