डॅलसजवळच्या छोट्या गावांतली जुनी कोर्टं एवढी राजवाड्यासारखी का असतात? एका दिवसात कुठली बघता येतील?

वॉक्सहॅचीला जा. एलिस काउंटीचं (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हाच) कोर्ट, डॅलसच्या दक्षिणेला जेमतेम ५० किलोमीटर. एका दिवसात चार-पाच कोर्टं उरकायच्या भानगडीत पडू नका.

राजवाड्यासारखी का, तर कापसाचा पैसा आणि चढाओढ. १८८१ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने काउंट्यांना कोर्ट बांधायला कर्जरोखे काढायची मुभा दिली. मग काय, शेजारच्या काउंटीपेक्षा आपला मनोरा उंच हवा! एलिस काउंटीचं हे चौथं कोर्ट. पहिलं ओंडक्यांचं, दुसरं लाकडी, तिसरं दगडी. तेही वीस-बावीस वर्षांत पाडलं आणि १८९५ ते १८९७ मध्ये हे उभं केलं. लाल वालुकाश्म, गुलाबी ग्रॅनाइट, वर घड्याळाचा मनोरा.

माझे बाबा तालुक्याच्या कोर्टात नाझर होते, म्हणजे कोर्टाचे हिशोब आणि इमारतीची देखभाल बघणारे. पावसाळ्यात मुद्देमालाच्या खोलीत बादल्या लावायचं काम शेवटी त्यांच्याच गळ्यात. इकडे आले तेव्हा धाकट्या दिरांनी आम्हा सगळ्यांना वॉक्सहॅचीला नेलं. बाकीचे फोटो काढत होते आणि बाबा ओसरीच्या खांबावरून तळवा फिरवत उभे. मग आत जाऊन जिन्यापाशी मान वर करून इतका वेळ बघत राहिले, की शिपायाने येऊन काही हवंय का विचारलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अगं, हे धुराडं आहे. गरम हवा वर काढायला केलंय."

मी घरी येऊन शोधलं. जेम्स रायली गॉर्डन या वास्तुविशारदाची ही खासियतच! इमारतीचा आराखडा अधिक चिन्हासारखा, आतल्या कोपऱ्यांत ओसऱ्या आणि प्रवेश, आणि मधली पोकळी थेट मनोऱ्यात. गरम हवा वर चढते, खालून सावलीतली हवा आत ओढली जाते. पंखे नसलेल्या काळात टेक्सासच्या उन्हाळ्यात वकिलांना उभं राहता यावं म्हणून. गॉर्डनने टेक्सासमध्ये दीड डझन कोर्टं बांधली, त्यातली डझनभर अजून आहेत.

पण हे कोणी सांगत नाही. सगळे सांगतात मेबल फ्रेमची गोष्ट. दगड कोरणारा हॅरी हर्ली घरमालकिणीच्या घरातल्या मेबलच्या प्रेमात पडला, आधी तिचा सुंदर चेहरा खांबावर कोरला, तिने नकार दिल्यावर पुढच्या खांबांवर तोच चेहरा विद्रूप करत गेला. आमच्या भाऊजींनी तिथे उभं राहून हे रंगवून सांगितलं, ग्रुपवर टाकलं, आणि मी "हे खरं नाही" लिहिलं तर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे."

चार वर्षं झाली, तर आता इथे लिहून टाकते. हे कोर्ट ज्या रोमनेस्क शैलीचं आहे (गोल कमानी, जाड दगडी भिंती), त्या शैलीच्या इमारतींवर वेडेवाकडे चेहरे, पानांतून डोकावणारी तोंडं असायचीच. कोरीव काम डॅलसच्या एका दगडकाम कारखान्याकडे होतं, ती एका प्रेमभंग झालेल्या माणसाची करामत नव्हती. आणि पक्षकारांची रोज ये-जा असणाऱ्या सरकारी इमारतीवर कारागिराला महिनोन्‌महिने स्वतःचा राग काढू देईल असा कंत्राटदार मला दाखवा. बाबांनी आयुष्यभर कंत्राटदारांची बिलं पाहिली, ते ऐकून नुसते हसले होते.

चेहरे मात्र बघाच. ओसरीच्या खांबांच्या माथ्यावर आहेत, मान वर केली की दिसतात. एक तर जीभ काढल्यासारखा वाटतो, तो माझा आवडता.

हो, एक राहिलं. आत एसी आहे, त्यामुळे ती हवा अंगावर जाणवेल या आशेने जाऊ नका. आतून बघायचं तर कामाच्या दिवशी जा. आणखी एक बघायचंच असेल, तर वाइज काउंटीचं डिकेटरचं कोर्ट. तेही गॉर्डनचंच, जवळजवळ जुळं भावंड, फक्त डॅलसच्या उलट्या दिशेला. भाऊजी म्हणतात एक पाहिलं की दुसरं बघायची गरज नाही. बाबांनी दोन्ही पाहिली आणि डिकेटरचा जिनाही तितकाच वेळ बघितला.